कोनशिला, नावं आणि तिसरा उन्हाळा

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. त्याने कळवलं तेव्हा बाहेरच्या जगाला पत्ता लागला. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या दरडीने वाहून नेल्या. माळीणच्या जुन्या गावठाणात स्मृतिस्तंभ उभा राहिला आणि गेलेल्यांच्या आठवणीत झाडं लागली. वायनाडमध्ये ओळख न पटलेले मृतदेह पुत्तुमला इथे पुरले गेले आणि त्या जागेला ‘जुलै ३० हृदयभूमी’ असं नाव मिळालं. दुर्घटनेनंतरच्या सरकारी यादीत मदत, पुनर्वसन आणि चौकशी यांच्या जोडीला स्मृतिवन हे आता ठरलेलं कलम झालं आहे. पुष्कळदा ते चौकशीच्या आधी पुरं होतं. चौकशीला हितसंबंध आडवे येतात. झाडं लावायला कोण आडवं येणार?

म्हणूनच या बागांकडे जरा संशयाने पाहायला हवं. दुःख हलकं व्हावं म्हणून लोक बाग मागतात, आणि विषय संपावा म्हणून सत्ता बाग देते. जमीन तीच, रोपंही तीच. जगभरातल्या आठ-दहा बागांचा मागोवा घेतला की या दोन हेतूंमधला फरक कशात दिसतो ते हळूहळू उमगतं. तो बहुधा आराखड्याच्या सौंदर्यात नसतो. जमीन कोणाची, नावं कोणी लिहिली, दोष कोणाचा हे कुठे नोंदलंय, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालतं, इथे तो सापडतो.

आधी ‘झाडांनी मन बरं होतं’ या दाव्याचं पाहू. त्याला शास्त्रीय आधार म्हणून रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा ‘सायन्स’मधला अभ्यास हमखास पुढे केला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास चांगलाच आहे. पण पित्ताशय काढलेला माणूस आणि एका सकाळी अख्खं घर गमावलेला माणूस यांच्यात फार अंतर आहे. दुसऱ्याला झाडाखाली बरं वाटतं हे खरं, पण त्याच्या मनात ‘हे का झालं’ हा प्रश्न तसाच असतो, आणि त्याचं उत्तर झाडापाशी नसतं.

ते अंतर किती, हे वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन या खाणगावाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. गावावरच्या डोंगरउतारावर कोळसा खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग रचलेले होते. त्यातला सात नंबरचा ढीग सुटला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं मेली, त्यात ११६ मुलं. ढीग थेट झऱ्यावर रचला होता. शाळेमागच्या या ढिगांबद्दल स्थानिक प्रशासनाच्या अभियंत्याने तीन वर्षं आधीच लेखी चिंता कळवलेली होती. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये दोष निःसंदिग्धपणे राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. तरीही मंडळातल्या कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही.

पुढचा भाग आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. दुर्घटनेनंतर लोकांनी उत्स्फूर्तपणे पैसे पाठवले, निधी साडेसतरा लाख पौंडांच्या घरात गेला. गावाची मागणी एकच होती: डोक्यावर उरलेले ढीग हटवा. कोळसा मंडळ म्हणालं, ते सुरक्षित आहेत. शेवटी वैतागून गावकऱ्यांनी त्या ढिगांचा चिखल कार्डिफच्या सरकारी कचेरीत नेऊन ओतला. सरकार नमलं, पण खर्चापैकी दीड लाख पौंड दुर्घटना निधीतून घेऊन. मेलेल्या मुलांच्या नावाने आलेल्या वर्गणीतून मारेकरी ढिगांच्या सफाईचं बिल भागवलं गेलं. ती रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, तीही बिनव्याजी. पुढे २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने स्मारकांच्या देखभालीचा धर्मादाय निधी आणि गावाचा शिक्षण निधी यांना मिळून वीस लाख पौंड दिले, तेव्हा तो हिशेब थोडाफार जुळला.

शाळेच्या जागेवर आज स्मृतिबाग आहे. बागेच्या बुटक्या भिंती वर्गखोल्यांच्या मूळ आखणीवर उभ्या केल्यात; आत फिरणारा माणूस नकळत वर्गातून वर्गात जातो. वरच्या टेकडीवर मुलांच्या कबरींवर पांढऱ्या कमानींची रांग आहे, ती खालच्या गावातूनही दिसते. बाग म्हणून हे काम उत्तम आहे. आता २००३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’मध्ये आलेला अभ्यास पाहा. दुर्घटनेतून वाचलेल्या ४१ जणांना ३३ वर्षांनी तपासलं. ४६ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर मनोविकार झालेला होता आणि २९ टक्के तेव्हाही त्याच अवस्थेत होते. बाग होती, कमानी होत्या, दरवर्षी फुलं होती, आणि तरीही हे आकडे. बाग निरुपयोगी, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण ज्या गावाला तीस वर्षं आपल्याच पैशासाठी भांडावं लागलं, त्या गावाला बाकावर बसवून शांत करता येत नाही, एवढं तरी यातून नक्की कळतं. आघाताच्या अभ्यासक जुडिथ हर्मन यांनी अलीकडे पीडितांशी बोलून न्यायाबद्दल लिहिलं, त्यातही हेच पुढे येतं: बहुतेकांना सूडापेक्षा आधी हवी असते ती कबुली, आणि ती चारचौघांत हवी असते.

भोपाळमध्ये हा प्रश्न जमिनीखालीच गाडलेला आहे, अगदी शब्दशः. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. पहिलं स्मारक वर्षभरात उभं राहिलं, तेही सरकारी नव्हे. कारखान्यासमोर, जयप्रकाश नगरच्या वस्तीपाशी, मूल कवटाळून तोंड झाकणाऱ्या बाईचा पुतळा आहे. तो डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी केला. त्यांचे आईवडील नाझी छळातून वाचलेले होते. पुढे २००५ मध्ये कारखान्याच्या जागेवर स्मारक करण्यासाठी राज्य सरकारने स्पर्धा घेतली. दिल्लीच्या ‘स्पेस मॅटर्स’ या वास्तुरचनाकारांच्या गटाने ती जिंकली. गंजलेला कारखाना जपायचा आणि भोवताली हिरवी जागा फुलवायची, असा विचार होता. ते काम आजवर झालेलं नाही.

ते रखडलं याचं अनेकांना वाईट वाटतं. मला मात्र पीडितांच्या संघटनांचा आक्षेप पटतो. त्यांचं म्हणणं असं: आधी विष काढा, ते कंपनीच्या खर्चाने काढा, मग स्मारकाचं बोला. कारखान्यात पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलवायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. तो पीथमपूरला नेला तेव्हा तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला; पुढे तो तिथेच जाळला गेला. पण ही गोदामात भरून ठेवलेल्या कचऱ्याची गोष्ट झाली. आवारात आणि आसपास मुरलेलं, भूजलात उतरलेलं विष वेगळंच. अशा जमिनीवर हिरवळ अंथरायची म्हणजे जखम न धुता पट्टी बांधायची. पीडितांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१४ मध्ये उघडलेल्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयाने सरकार आणि कंपन्या यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही असं ठरवलं, त्यामागेही हाच बाणेदारपणा आहे. स्मृतिवनाच्या देणगीदारांची पाटी लावायची झाल्यास तिच्यावर कोणाचं नाव चालणार नाही, हे या लोकांनी आधी ठरवलं. आपल्याकडे ते शेवटीही ठरत नाही.

पाटीवरून आठवलं. आपल्याकडच्या कोणत्याही स्मारकाच्या दारात कोनशिला असते. भूमिपूजन कोणाच्या शुभहस्ते, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी केलं त्यांची नावं आत, मागच्या भिंतीवर, बारीक टायपात. कोणत्याही स्मृतिवनाची पहिली परीक्षा मी अशी घेईन: दगडावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरात कोणाचं नाव आहे? पूर्वीच्या वीरगळांवर बहुधा नावच नसे. गाईंच्या रक्षणात किंवा लढाईत पडलेला माणूस, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणि माथ्याशी शिवलिंगाची पूजा. गावाला माहीत असे तो कोण. आता गावच राहत नाही, म्हणून नावाचं मोल वाढलंय.

नावात कोण बसतं आणि कोण नाही, यावरही भांडणं झाली आहेत, आणि ती व्हायलाच हवी होती. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमध्ये हजारो कोरियन लोक मेले. त्यातले अनेक जपानी सत्तेखाली मजुरीसाठी आणलेले होते. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ पर्यंत वाट पाहावी लागली. मधली २९ वर्षं तिथले कोरियन हेच विचारत होते की मेल्यावरही आमची वस्ती वेशीबाहेरच का. महाराष्ट्रात वेस आणि मसणवटा यांच्याशी जात कशी जोडलेली आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, एप्रिल २०१८ मध्ये उघडलेलं शांतता आणि न्यायाचं राष्ट्रीय स्मारक या बाबतीत सगळ्यात धीट वाटतं. जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयांची ही आठवण. ब्रायन स्टीव्हनसन या वकिलाच्या ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ने १८७७ ते १९५० या काळातले ४४०० हून अधिक बळी नोंदले. सहा एकरांच्या टेकडीवर गंजाच्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी ठोकळे टांगलेले आहेत. प्रत्येक ठोकळा एका काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागाचा; त्यावर तिथे मारलेल्यांची नावं. सुरुवातीला ठोकळे आपल्या उंचीला असतात. चालत गेलं की पायाखालची जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर जातात, फासावर लटकलेल्या देहांसारखे. बाहेरच्या मोकळ्या जागेत याच ठोकळ्यांच्या जुळ्या प्रती आडव्या मांडल्या आहेत. त्या त्या काउंटीच्या लोकांनी येऊन आपला ठोकळा मागावा, न्यावा आणि आपल्या चौकात उभा करावा, अशी मूळ कल्पना. ज्यांनी मागितला नाही त्यांचं न मागणंही सगळ्यांना दिसावं, हा त्यातला डाव. शिवाय हत्या जिथे झाल्या तिथली माती स्थानिकांच्या हाताने बरण्यांत भरून आणली जाते. बरणीवर नाव, ठिकाण आणि तारीख. माती भरायला कधी बळीचे वंशज येतात, कधी मारणाऱ्यांच्या बाजूच्या घरातलेही. स्मारकाचा आराखडा करणाऱ्यांनी इथून एक गोष्ट उचलावी: दोषी बाजूने करायचं काहीतरी काम बागेच्या आखणीतच असलं पाहिजे.

आखणी कोण करतं हाही प्रश्न आहेच. चिलीच्या सांतियागो शहराच्या कडेला व्हिया ग्रिमाल्दी नावाची जुनी हवेली होती. हुकूमशहा पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी तिथे सुमारे साडेचार हजार लोकांना डांबलं आणि छळलं. दोनशेहून अधिक मारले गेले किंवा नाहीसे झाले. राजवटीच्या अखेरीस जागा घरबांधणीसाठी विकली गेली आणि हवेली पाडली. शेजारपाजारचे लोक आणि वाचलेले कैदी यांनी प्रकल्प अडवला. १९९७ मध्ये तिथे शांतता उद्यान झालं. तिथल्या खुणेच्या पाट्या जमिनीवर, पायाशी आहेत. कैद्यांच्या डोळ्यांवर कायम पट्टी असे. पट्टीखालच्या फटीतून त्यांना दिसे ती फक्त फरशी. म्हणून हवेलीच्या फुटक्या फरशांचे तुकडे जमिनीतच बसवले. आणि गुलाबांचा ताटवा आहे, तोही वाचलेल्यांच्या आठवणीतून आलेला. दिसत काही नसे, पण गुलाबांचा वास येई, असं त्यांनी सांगितलं. आज तिथे मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या नावाने गुलाब आहेत. कुठल्याही वास्तुरचनाकाराला कचेरीत बसून हे सुचलं नसतं. अर्थात सगळ्यांचं एकमत झालं असंही नाही. छळाच्या जागेवर इतकी देखणी बाग काय कामाची, असं काही वाचलेल्यांनी विचारलं, आणि पुढे कैद्यांना ठेवत तो मनोरा पुन्हा बांधून दाखवावा लागला.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. जालियनवाला बागेची जमीन १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडानंतर लोकवर्गणीतून घेतली गेली. आत जायची ती चिंचोळी गल्ली, जिच्यातून डायरच्या चिलखती गाड्या आत येऊ शकल्या नाहीत, हेच खरं तर तिथलं सगळ्यात बोलकं स्मारक होतं. दोन्ही बाजूंना नुसत्या विटा आणि मध्ये अंग चोरून चालण्याइतकी जागा. २०२१ च्या नूतनीकरणात त्या भिंतींवर माणसांची शिल्पं आली, पायाखालची वाट गुळगुळीत झाली आणि विहिरीभोवती काच चढली. इतिहासकारांनी आणि काही शहीद कुटुंबांनी नाराजी व्यक्त केली. शिल्पं वाईट आहेत की चांगली हा मुद्दा दुय्यम आहे. त्या गल्लीत जे काही न करता आपोआप कळत होतं, ते आता सांगितलं जातं. कंत्राटदाराला रिकामी भिंत सहन होत नाही, हा आपल्या सार्वजनिक कामांचा जुनाच रोग आहे.

आता झाडांकडे येऊ, कारण शेवटी बाग म्हणजे झाडं. एका माणसाच्या नावाने एक झाड ही कल्पना फार लोकप्रिय आहे, आणि मला ती धोक्याची वाटते. शंभर रोपं लावली की काही मरतातच. नावाची पाटी असलेलं रोप वाळलं की त्या घराला ते दुसरं मरण वाटतं. शेजारच्याचं झाड तरारलेलं असेल तर आणखीनच. त्यापेक्षा नावं दगडावर एकत्र ठेवावीत आणि राई सगळ्यांची असावी. आपल्याकडे देवराईची जुनी रीत आहे, तिच्यात एकेक झाड कोणाचं नसतं. घरच्या शेतात अस्थी आणि राख खड्ड्यात घालून त्यावर झाड लावायची पद्धत अलीकडे महाराष्ट्रात रुजते आहे, ती निराळी. तिथे पाणी घालणारा घरातलाच असतो.

कोणती झाडं, हा तर कळीचा मुद्दा. सरकारी रोपवाटिकेतून येतात गुलमोहर, सोनमोहर आणि रांगेत उभे केलेले अशोक. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांच्या घरात हिरड्याचं स्थान काय आहे, हे आराखडा काढणाऱ्याने एकदा उन्हाळ्यात जाऊन पाहावं. मार्चपासून कोवळा बाळहिरडा काढायचा, अंगणात वाळवायचा, काळा कडक झाला की विकायचा. वर्षाच्या रोख पैशाचा मोठा वाटा त्यातून येतो. अशा मुलखातल्या स्मृतिवनात हिरडा, जांभूळ, आंबा असेल तर लोक तिथे दरवर्षी वेचायला येतील. मेलेल्यांच्या झाडाचं फळ खावं का, असा संकोच काहींना वाटेल. तो निर्णय गावाने करावा. पण फळाला आलेली माणसं वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांपेक्षा जास्त वेळा येतात. आणि पेव्हर ब्लॉकवर कोणीच बसत नाही.

पाण्याचं उत्तर भुजने आराखड्यातच दिलंय, आणि मोठ्या सरकारी प्रकल्पांवर एरवी खार खाणाऱ्या माझ्यासारख्यानेही ते मान्य करायला हवं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं स्मृतिवन भुजिया डोंगरावर ४७० एकरांत आहे. ते ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं. वास्तुरचनाकार राजीव कठपालिया यांनी डोंगरातल्या ओघळींवर छोटे बंधारे घातले. मृतांची जवळजवळ तेरा हजार नावं या बंधाऱ्यांच्या भिंतींवरच आहेत. कच्छसारख्या कोरड्या मुलखात जे काही पाणी पडतं ते नावांपाशी अडतं, मुरतं आणि झाडांना मिळतं. उद्या पंपाची वीज तुटली तरी निदान ही सोय चालू राहील. माझी तक्रार एकच: भूकंप निसर्गाचा, पण घरं कशी बांधली होती हा माणसाचा प्रश्न, आणि बागेतून फिरताना तो फारसा टोचत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ मुलं आणि २० शिक्षक अंजारच्या अरुंद रस्त्यांत भिंतींखाली गेले. त्यांचं स्मारक अंजारला वेगळं आहे.

बाकी ठिकाणी तिसरा उन्हाळाच निकाल लावतो. पहिल्या वर्षी उद्घाटनाची धामधूम असते, दुसऱ्या वर्षी टँकर येतो, तिसऱ्या वर्षी निधी ‘पुढच्या तरतुदीत’ जातो. ट्री गार्ड कोणीतरी नेतं आणि गुरं आत शिरतात. लहान गावाला खरं तर फार लागत नाही: दरडीच्या दगडमातीत दोन-दोन फुटांचे खड्डे, बुडाशी पुरलेलं पाझरतं मडकं, भोवती काटेरी कुंपण, आणि पाणी घालणाऱ्या दोघा-तिघांना पाच वर्षांची ठरलेली मजुरी. ती गावातल्याच, शक्यतो वाचलेल्या कुटुंबातल्या माणसाला मिळावी. सरकारी अंदाजपत्रकात कमानीला जेवढे पैसे धरले जातात त्यात हे सगळं भागतं.

या साऱ्याची खरी परीक्षा आता रायगड जिल्ह्यात आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड आली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. म्हणजे तिथली जमीन हीच त्या ठाकर कुटुंबांची दफनभूमी आहे, आणि ती ट्रेकिंगच्या वाटेवर आहे. तिथे काही करायचं असेल तर पहिला निर्णय बाकं आणि कमानीचा नसून, पर्यटकांनी कुठपर्यंत यायचं आणि ते कोणी सांगायचं याचा आहे. वायनाडमधल्या पुत्तुमलाला कबरींवर डीएनए तपासणीचे क्रमांक घातलेले आहेत. ओळख पटली की क्रमांकाच्या जागी नाव देता येतं. इर्शाळवाडीच्या बेपत्तांचे तर क्रमांक घालायलाही देह नाहीत. तिथे बेपत्ता ५७ जणांची नावं, त्या डोंगराला दरडीचा धोका आहे याची नोंद सरकारदरबारी काय होती, आणि वाडी वेळेत का हलवली नाही, हे एकाच दगडावर लिहायला कोणी तयार होतं का, ते पाहायचं.